डबा जिथं होता तिथंच

तीर्थरूप आईस,
कौमुदीचा वाकून नमस्कार.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माझी काळजी नको. नवा रायपूरमध्ये बस कमी, पण चालायला विमलामावशींची सोबत आहे. रेल्वेतून रिटायर झालेल्या, मूळच्या गोंदियाच्या.

त्यांनी तलावाकाठी दगडांत एक डबा लपवलाय. आत वही आणि रबरी शिक्का. हा एक खेळ आहे: लिहून दिलेल्या खुणांवरून ज्याला सापडेल त्यानं आपला शिक्का त्या वहीत मारायचा, डब्यातला आपल्या वहीत, आणि डबा परत ठेवायचा. कोणी बघत असेल तर हात लावायचा नाही, झाडाची फांदी मोडायची नाही. दर रविवारी मावशी जाऊन डबा पुसतात, वहीची ओली पानं बदलतात. कधी न भेटलेल्या माणसांसाठी एवढं कोण करतं गं?

मागच्या आठवड्यात तो मला सापडला. ओल लागते म्हणून मी तो वरच्या कोरड्या कपारीत ठेवला. वाटलं, मावशी खूश होतील. त्या मला परत तिथं घेऊन गेल्या. म्हणाल्या, "पोट्टी, ओला झाला तर मी पुसून घेईन. पण शोधत आलेल्याले तो जाग्यावर नाही भेटला, तर त्यानं काय करावं?"

तेव्हापासून बाबांची खुर्ची डोळ्यांपुढे आहे. ते गेल्यावर तुला त्रास नको म्हणून मीच ती खिडकीजवळून उचलून माळ्यावर टाकली. तुला विचारलंही नाही.

मी होळीला येतेच आहे, पण तोवर थांबू नको. शेजारच्या नीलेशदादाला सांगून खुर्ची खाली काढ आणि होती तिथंच ठेव.

तुझी,
कौमुदी