योसच्या नावाची मिस्सा

३ ऑगस्ट १५५८, युस्तेचा मठ
आणि परत माझंच चुकलं! बिअर आंबली ती म्हणे माझ्या हातानं. स्पेनच्या या उन्हात आंबणार नाही तर काय? गोमार उस्ताद भट्टीवरून ओरडतो — "मेखेलेनचा ना तू? गावाची लाज काढलीस! महाराज सकाळी उठल्या उठल्या पहिला घोट घेतात तो हा?"
गाव! माझं काय उरलंय तिथं?
काल लांबर्ट आला, टपालाच्या खेचरांबरोबर. गावचाच, ईस्टरला निघालेला. पीत पीत सहज बोलून गेला, "तुझ्या योसदादाचं लग्न झकास झालं रे. बार्बेल काय दिसत होती!"
बार्बेल. माझी बार्बेल!
महाराजांच्या ताफ्याबरोबर निघालो तेव्हा बापाच्या भट्टीतली माझी वाटणी दादाच्या नावे केली. म्हणाला, "बिनघोर जा. भट्टी राखतो, बार्बेलकडेही बघतो."
बघितलंस की!

९ ऑगस्ट
उस्तादला सांगितलं. हसला. "अरे, आपल्या महाराजांनी राज्यं मुलाला दिली, बादशाही भावाला, आणि येऊन बसले या मठात. आता त्यांचाच पैसा सेवियाच्या खजिन्यातून वेळेवर येत नाही. दिलं की गेलं, लेका."
महाराजांनी स्वतःहून दिलं. माझं चोरलं!

३१ ऑगस्ट
काल अजबच. महाराजांनी स्वतःची मयत करवली — जिवंतपणी! चर्चभर काळं कापड, मधोमध रिकामी पेटी, आम्ही नोकर काळ्या कपड्यांत, हातात मेणबत्त्या. पाद्री मयताची मिस्सा वाचत होते, मेलेल्याच्या आत्म्यासाठीची प्रार्थना; महाराज आमच्यातच, सांधेदुखीनं वाकलेले, आपल्याच आत्म्याला शांती मागत. लांबर्ट कानात म्हणाला, "आमची आजी सांगायची, जित्या माणसाच्या नावानं मयताची मिस्सा वाचली की तो टिकत नाही."
ते डोक्यातून जाईना.

२ सप्टेंबर
केलं! खालच्या गावातल्या म्हाताऱ्या पाद्र्याकडे गेलो.
"कोण गेलं, पोरा?"
"भाऊ."
त्यानं पाठीवरून हात फिरवला. मिस्सेत योसचं नाव मोठ्यानं घेतलं. मी मान खाली घातली नाही. बरं वाटलं.

११ सप्टेंबर
महाराज तापानं फणफणलेत. बिअरचा पेला भरलेलाच परत आला. उस्ताद त्याच्याकडे बघत बसून राहिला.

२१ सप्टेंबर
महाराज गेले. मयत करवून महिनासुद्धा झाला नाही!
आणि योसदादा? मी काय करून बसलो?

२४ सप्टेंबर
पाद्र्याकडे धावलो. खरं ते सांगितलं. म्हातारा ओरडला, "गाढवा! वाचलेली मिस्सा मागे घेता येत नाही. तुझ्या मनातलं तेवढं मागे घे."
नाही घेता येत. दादा जगू दे — शंभर वर्षं जगू दे. पण माफ नाही करणार!

१९ ऑक्टोबर
मठातला बाडबिस्तरा आवरला. आमचा पगार चुकता झाला; माझे चाळीस दुकॅट, सोन्याची नाणी. उत्तरेचं टपाल आलं.
योसदादा जुलैतच गेला. संत याकोबाच्या सणाला, साथीत. त्याच दिवशी घाईनं पुरला — ना पाद्री, ना मिस्सा. मी इथं त्याच्या मरणाची मिस्सा वाचून घेतली, तेव्हा तो कधीचाच मातीत होता. त्याच्या नावानं वाचलेली तेवढी एकच.
बार्बेल पोटुशी आहे. भट्टी विझलेली.
लांबर्ट उद्या गावी निघतोय. त्याच्या हाती बार्बेलला पाठवतोय: चाळीसच्या चाळीस दुकॅट.