पिशवी रिकामी केलीय

चिमणे,

मी चर्चमध्ये जातेय. एड्सनं आईबाप गेलेल्या तिथल्या मुलांना आज आईऐवजी मी औषध देणार आहे. गुरुवारी आईनं तुम्हा सगळ्यांना नेहमीसारखं बाकावर बसवलं, स्वतःची रक्तदाबाची गोळी हातात घेतली आणि म्हणाली, "बघू, आधी कोण गिळतं!" नेहमीसारखी मुद्दाम हरलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपेतून उठलीच नाही.

तेव्हापासून तू गोळी घेतलेली नाहीस. आज पलंगाखाली तुझी भरलेली पिशवीही सापडली. आई गेली म्हणून तुला परत चर्चमध्ये पाठवणार असं कुणी सांगितलं गं, वेडाबाई? पिशवी रिकामी केलीय. कपडे माझ्या कपाटात, डावीकडे आहेत.

जेवण झाकून ठेवलंय, शाळेतून आलीस की खाऊन घे. मी आले की दोघी गोळ्या घेऊ. माझी व्हिटॅमिनची. हरायचं कसं ते मी आईकडे बघून शिकलेय.

तुला तिथून घरी आणल्यापासून आई मला सारखी टोचायची, "हिला बहीण म्हणताना तुझी जीभ झिजते का?" मी हसून विषय बदलायचे. आज तुझे कपडे लावताना रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाले, "आई, माझ्या धाकट्या बहिणीला मी कुठेही जाऊ देणार नाही."

तुझी ताई