दिवसाला अर्धा लिटर

३ मार्च २०२५, जालना

आज पुन्हा डायलिसिसचं मशीन. चार तास. मानेतल्या नळीला जोडताना प्रीती छताकडे बघत राहिली. तोंडातून आवाज नाही. अकरा वर्षांच्या पोरीने इतकं गप्प बसू नये. रडली असती तर मला बरं वाटलं असतं!

डॉक्टर म्हणाले, पाणी दिवसाला अर्धा लिटर. चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट — सगळं धरून. दोन्ही किडन्या बंद. लघवी होतच नाही, मग प्यायलेलं जाणार कुठे? अंगात साचतं, छातीत भरतं.

घरी येऊन बाटलीवर पेनाने रेघ मारली. प्रीती म्हणाली, "मम्मी, थोडी वर मार ना."

मारली नाही.

७ मार्च

मलावीहून येऊन बारा दिवस झाले. मस्तगडला दादाच्या घरी वरची खोली मिळाली आहे. सहा वर्षं तिकडे तळ्याकाठच्या गावात काढली — राजानंदची शाळा, राजानंदने उभी केलेली ख्रिस्ती मंडळी, प्रभूचं काम. इथे भेटेल तो विचारतो, आफ्रिका कशी असते? मी सांगते, मक्याचं पीठ उकडून खातात, माणसं चांगली आहेत. अजून काय सांगू?

राजानंद अजून तिकडेच. फोनवर म्हणाला, "दोन आठवडे दे. शाळा कुणाच्या तरी हाती देतो अन् निघतो. बाप आहे तिचा, किडनी मी देणार म्हणालोय ना? देणार."

माझा रक्तगट बी. चालत नाही. त्याचा ओ, प्रीतीचा ओ. म्हणजे सगळं त्याच्यावर आहे.

९ मार्च, रविवार

चर्चला उपासनेत पाळकसाहेबांनी आम्हा दोघींना पुढे बोलावलं. सगळी मंडळी हात पुढे करून उभी. आमची बहीण परदेशात सेवा करून आली, तिची साक्ष ऐकू या, म्हणाले. मी माईक घेतला. प्रभू विश्वासू आहे, म्हटलं. तो सोडणार नाही, म्हटलं. वर्गात हजेरी घ्यावी तसे शब्द येत गेले. बायका डोळे पुसत होत्या. माझे कोरडे.

प्रीती माझ्याकडे बघत होती.

१४ मार्च

आज लिहायचंच. इथे नाही लिहिलं तर कुठे बोलू?

नोव्हेंबरात तिचे डोळे सुजले. डास चावले असतील, म्हटलं. मग पाय सुजले. मग लघवी काळ्या चहासारखी. राजानंद म्हणाला, उपास धरू, प्रार्थना करू. सगळं गाव आलं. बायका तिच्या खाटेभोवती बसून गायच्या. माणसं इतकी मायेची, की दवाखान्याचं नाव काढणं म्हणजे त्यांचा अपमान वाटावा. दुसऱ्या आठवड्यात प्रार्थना मी चालवली. मी! तिच्या पोटावर हात ठेवून.

शहरातला मोठा दवाखाना पाच तासांवर. रस्ता खराब, पण गाडी होती. तीन आठवडे आम्ही गुडघ्यांवर होतो. गाडीत बसायला हवं होतं.

तिथला डॉक्टर म्हणाला, "आधी आणली असती तर —" आणि थांबला. त्याने वाक्य पुरं केलं नाही. मी रोज करते.

राजानंदवर ढकलता येत नाही. गाडीची किल्ली माझ्याच पर्समध्ये असायची.

२ एप्रिल

दोन आठवड्यांचे चार झाले. आता म्हणतो, शाळेची परीक्षा संपू दे.

ऊन एक्केचाळीस. प्रीती बर्फाचा खडा गालात धरून बसते. रस्त्याला जिकडे बघावं तिकडे मोसंबीचे ढीग, आणि मोसंबी तिला बंद — त्यातल्या पोटॅशियमने हृदय थांबू शकतं म्हणे. जालन्यात राहून मोसंबी बंद! मशीनहून येताना एका गाड्यापाशी थांबली, म्हणाली, नुसता वास घेऊ? गाडेवाल्याने एक सोलून तिच्या हातात दिली. तिने वास घेतला. परत दिली.

६ एप्रिल, रविवार

उपासनेला गेले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आजही गेले नाही. संध्याकाळी पाळकसाहेब स्वतः घरी आले. चहा ठेवला. म्हणाले, "बहीण, देव ज्याला जवळचा समजतो त्याचीच परीक्षा बघतो."

मी म्हटलं, "परीक्षा माझी असेल तर सुया तिला का?"

मला वाटलं, आता पवित्र शास्त्र उघडतील. नाही उघडलं. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत न्हाई, ताई." प्रार्थना न करताच उठले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचा राग आला नाही.

२६ एप्रिल

नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. आज आलं. मी वर टाकी भरत होते. प्रीती न्हाणीत गेली आणि नळाला तोंड लावून प्यायली. किती, ते तिलाही माहीत नाही. खाली आले तर हनुवटीवरून पाणी गळत होतं, फ्रॉकचा गळा ओला — आणि चेहऱ्यावर असं सुख, की मी मलावी सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी तिला थोबाडीत मारली.

तासाभरात धाप लागली. रिक्षात छातीत बुडबुडे वाजत होते. ओठ निळे. तेवढ्यात म्हणते, "मम्मी, सॉरी." जल्दी करा भाऊ, जल्दी करा, एवढंच मी ओरडत होते. देवाचं नाव आलं नाही तोंडात. एकदाही नाही.

मशीनने पाणी काढलं. वाचली. ज्या हाताने मारलं त्याच हाताने हे लिहितेय.

२७ एप्रिल

सकाळी राजानंदला फोन लावला आणि किंचाळले. पोरगी मरता मरता राहिली, तू कुठल्या परीक्षा घेत बसलायस? तुझा देव तुला शाळेतच भेटतो का?

त्याने मला ओरडू दिलं. मग म्हणाला, "संध्या, माझी चालत न्हाई."

"काय चालत न्हाई?"

"किडनी. तुम्ही निघालात त्याच आठवड्यात तपासून आलो. माझ्याच अर्ध्या गेल्यात. बीपी होतं, कधी बघितलं न्हाई. डॉक्टर म्हणाला, तू कुणालाच देऊ शकत न्हाईस. तुलाच सांभाळ."

"मंग मला सांगितलं का न्हाई? दोन महिने!"

"मला वाटलं — तोवर प्रभू काही तरी करील."

फोन ठेवला. जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. म्हणजे तोही आजारी. रागवू की रडू? मलावीत याच माणसाच्या पाठीमागे चारशे लोक डोळे मिटून उभे राहायचे. मीही राहायचे. आणि तो तिकडे एकटा रिपोर्ट लपवत बसला, चोरासारखा.

आता कुणीच उरलं नाही.

२८ एप्रिल

काही नाही.

३ मे

दार वाजलं. उघडलं तर राजानंदची आई. केशरबाई. हातात कापडी पिशवी. परतूरहून बसने आलेल्या, एकट्या.

बारा वर्षांत या बाईने मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं. घर बौद्ध. राजानंदने माझ्याशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला. तेव्हा म्हणाल्या होत्या, "आपल्या बापजाद्यांनी सगळ्यांनी मिळून देव सोडले. तू एकट्यानंच पुन्हा धरलास." सासरे साहेबराव गेले तेव्हा मातीलाही आम्हाला कळवलं नाही. प्रीतीला तर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "राजाचा फोन आल्ता. नुसता रडून राह्यला. म्या इचारलं, पोरीचं रगत कोणतं? ओ म्हणला. माझं बी तेच हाय. राजाच्या टायमाला दवाखान्यात लिहून दिल्तं, त्यो कागद घिऊन आले."

मला आधी समजलंच नाही. मग म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही बासष्टच्या —"

"मंग? परवापस्तोर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून राह्यले व्हते. मोठ्या डाक्टरला दाखव. त्यो न्हाई म्हणला तर जाते गावाकडं."

प्रीती दारात उभी राहून ऐकत होती. त्यांनी तिला जवळ ओढलं, हनुवटी धरून चेहरा इकडे तिकडे वळवून पाहिला. "माझ्या आईवर गेलीय," म्हणाल्या.

प्रीतीने विचारलं, "आजी, तुम्ही प्रार्थना करता?"

"न्हाई बाई. मला येत न्हाई."

"मला पण आता येत नाही," प्रीती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले. नळ कोरडा होता तरी चावी फिरवत राहिले.

२२ मे

संभाजीनगरला चार दिवस तपासण्या. शुगर नाही, बीपी नाही, हृदय ठीक. जुळतंय! डॉक्टर हसून बोलत होते. मी हसले नाही. राजानंदचा रक्तगट जुळला तेव्हा एकदा हसून झालंय माझं.

११ जून

परवानगीच्या समितीपुढे आत्याबाईंना बसवलं. मी दाराबाहेर. साहेबांनी विचारलं, आजी, कुणाचा दबाव आहे का? कुणी काही देतो म्हणालं का?

"नात हाय," आतून त्यांचा आवाज आला. "अजून काय इचारता?"

१९ जून

राजानंद आला. शर्ट अंगात लोंबतोय. आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेचना. त्या बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "वाळलास."

जेवायला बसलो. आमच्या घरात घास घेण्याआधी तो प्रार्थना करतो. आज ताटाकडे बघत थांबला. आम्ही सगळ्या थांबलो. मग त्याने भाकरी मोडली. कुणीच डोळे मिटले नाहीत.

प्रीतीला मात्र हसू आवरत नव्हतं. पप्पाच्या दाढीवरून हात फिरवत बसली होती. मी त्याच्याशी अजून बोललेले नाही.

८ जुलै, संभाजीनगर

सकाळी सातला दोघींना नेलं. शेजारी शेजारी दोन खोल्या. एकीतून काढायची, दुसरीत बसवायची. आत्याबाई स्ट्रेचरवरून म्हणाल्या, "माझे दात कुठं ठिवले ते बघ." दुपारी तीनला डॉक्टर बाहेर आले. दोघी ठीक.

९ जुलै

लघवीचा थेंब नाही. कधी कधी नवी किडनी जागी व्हायला वेळ लागतो, म्हणाले.

१० जुलै

थेंब नाही. पुन्हा मशीन लावलं. प्रीतीने मला विचारलं, "मग आजीची कशाला घेतली?"

१३ जुलै

ताप आला. संसर्ग नको म्हणून लघवीची नळी काढून टाकली — तिच्यातून येत तरी काय होतं! डॉक्टर आता हसत नाहीत. अजून दोन दिवस बघू, मग सुईने तुकडा काढून तपासू, म्हणाले. आणि किडनी गेलेली असेल तर? तर काढावी लागेल, म्हणाले.

आत्याबाई कुशीला हात धरून, भिंतीच्या आधाराने प्रीतीच्या खोलीच्या काचेपर्यंत चालत आल्या. नर्स मागे ओरडत होती. काचेतून नातीकडे पाहिलं. मला हळूच विचारलं, "माझी खराब निघाली का गं?"

त्या बाईला काय सांगू? बारा वर्षांचा राग गिळून आल्या, पोट फाडून दिलं, आणि वर स्वतःलाच दोष देतायत! असं करणारा कुणी वर बसला असेल तर मला त्याच्याशी बोलायचं नाही. आणि कुणीच नसेल तर तेही सहन होत नाही.

राजानंद बाकावर बसलेला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे. सतरा जूनला — नाही, एकोणीसला आल्यापासून पहिल्यांदा मी आपणहून बोलले. "प्रार्थना करून राह्यलास का?"

"न्हाई," म्हणाला. "नुसता बसलोय."

मी त्याच्या शेजारी बसले.

१४ जुलै

उद्या दुपारी तुकडा काढणार. सही केली.

१५ जुलै, सकाळ

प्रीतीने गादी ओली केली! झोपेतच. गाऊन, चादर, खालचं रबर — सगळं भिजलं. एवढी मोठी पोर, लाजेने तोंड झाकून रडायला लागली. "पप्पाला सांगू नको." पप्पा काचेपलीकडे उभाच होता. नर्स मोठ्याने डॉक्टरांना हाका मारत पळाली. दुसरी चादर काढायला आली. मी ओल्यावर दोन्ही हात ठेवले होते. ऊन ऊन होतं. मी म्हटलं, थांबा. एक मिनिट थांबा.