पुढच्या खोलीची निरवानिरव

मी, खाली अंगठा उठवणारी, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही धाकात नसून हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. धाकात मी नवऱ्याच्याही नव्हते. हे वाक्य घालायला वकील तयार नव्हते, पण घातलं आहे. मला अक्षर येत नाही.

१. मागचं घर सामानासकट थोरल्या मुलाला. पुढच्या खोलीत खताची पोती ठेवायला तो टपून बसला आहे. मी जिवंत असतानाच दाराचं माप घेऊन गेला. ती खोली त्याला मिळणार नाही.

२. बँकेतली शिल्लक आणि कानातलं नातीला. त्याचं काय केलंस, हे तिला कोणी विचारू नये. तिच्या बापाने तर नाहीच.

३. पुढची खोली आणि समोरचं अंगण धाकट्या सुनेला. इथे तिने वर्ग चालवला. शाळेत मागच्या बाकावर झोपा काढणारी मुलं इथे धावत यायची. लहानमोठी एकत्र बसायची, अंगणात भिंत बांधत मोजमाप शिकायची, कोंबड्या पाळून हिशेब शिकायची. त्या वयात मला कोणी असं बोलावलं असतं तर मीही गेले असते. पण तेव्हा माझ्या कडेवर धाकटी भावंडं होती.

४. शहरातल्या संस्थेने वर्गावर फलक लावला, माझ्यासोबत फोटो काढले. दरवर्षी नवे साहेब आणि नवी पद्धत. मुलं एका पद्धतीला रुळेपर्यंत दुसरी यायची. पुढे फोनच उचलेनासे झाले. फलक त्यांनी घेऊन जावा.

शाळेचे मुख्याध्यापक आमच्या वर्गातल्या मुलांना परीक्षेला बसवायला दरवेळी टाळाटाळ करायचे. त्यातच पाहणीला शिक्षण खात्याचे अधिकारी आले, तेव्हा सून मुलांना घेऊन ओढ्यावर गेली होती. मी म्हटलं, "साहेब, वर्ग ओढ्यावर भरलाय. चला, दाखवते."

"आजी, वर्ग खोलीत भरतो," म्हणाले, आणि वर्ग बंद आढळला असं लिहून गेले. त्याआधी चहा घेतला, तो माझ्याच घरचा.

मग पालक फिरले. "पोरी चिखलाचे हात दाखवतात, वही दाखवत नाहीत," असं म्हणून शिंप्याने दोन्ही मुली काढल्या. त्याच्या मागोमाग बाकीच्यांनी. शिंपी आत्ता साक्षीदार म्हणून इथेच बसला आहे. ऐकतो आहे, वर बघत नाही.

५. सुनेने खोलीत पुन्हा वर्गच चालवावा, अशी अट मी आधी घातली होती. वकिलांनी ती वाचली तेव्हा सून दारात उभी होती. म्हणाली, "आई, इतकी वर्षं घरोघर जाऊन मुलं मागितली. तुम्ही गेल्यावरही मला तिथेच पाठवणार का?"

मला राग आला. मी पाणी मागितलं. तिनेच आणून दिलं.

"आजी, अट ठेवू की खोडू?" वकिलांनी विचारलं.

खोडा म्हटलं.

सबब खोली तिची, विनाअट. तिने ती भाड्याने द्यावी, विकावी, नाहीतर कुलूप लावून ठेवावी. थोरल्याची किंवा गावाची हरकत चालणार नाही. माझ्या नावाची पाटी लावू नये. ज्यांनी मुलं पाठवली नाहीत त्यांनी भाषणं करू नयेत.

वर्ग का बंद पडला, याचं उत्तर द्यायला माझी सून बांधील नाही. विचारणाऱ्याने आपल्या घरात विचारावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे, म्हणून साक्षीदारांसमोर अंगठा उठवला.

डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. शिंपी (सही)
२. दवाखान्यातली नर्स (सही)

ठिकाण: पुढची खोली
तारीख: वकिलांच्या शिक्क्याखाली आहे ती