पाचवं पुस्तक बाहेर गेलंय

सोमवार, २
आले एकदाची! ग्रंथपालाची नोकरी आणि वाचनकक्षामागची राहायची खोली, दोन्ही एका फटक्यात पदरात पडल्या. पलंग, टेबल आणि खिडकी. खिडकीखाली औषधांचं दुकान. लेकीला फोन केला. वसतिगृहातून रविवारी येते म्हणाली. महिना झाला तिला पाहून, जीव नुसता तुटतो.

चिटणीसबाईंनी आल्याआल्या कामाला जुंपलं. जुन्या विज्ञानकादंबऱ्यांचं वाचन-आव्हान आहे. पाच पुस्तकं, एकेक वाचलं की भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या नावापुढे खूण करायची. तक्ता कोराच होता. ग्रंथपालानंच सुरुवात केली तर लोकांना हुरूप येईल, असं बाईंचं म्हणणं. मी पाचही चौकटींत बिनदिक्कत खुणा ठोकल्या. वाचलंय एकच, पहिलं, तेही कॉलेजात असताना.

मंगळवार, ३
दुपारी खोलीत येऊन दार लोटलं, तर दाराला आतून मूठच नाही. फोन वाचनकक्षात राहिलेला. हाका मारून घसा बसला, कुणी फिरकलं नाही. हाताशी आव्हानातलं दुसरं पुस्तक होतं, तेच वाचत बसले. अंतराळस्थानकातल्या एका माणसाची गोष्ट; त्याचंही दार आतून उघडत नाही. शेवटचं पान संपलं आणि मूठ जागच्या जागी! भुकेनं भ्रम झाला असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

बुधवार, ४
सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाईंचा फोन नुसता वाजतोय, लेकीचाही. तिसरं पुस्तक उघडलं, तर त्यातलं अख्खं शहर असंच नाहीसं झालेलं. रडत रडत वाचून काढलं, तेव्हा माणसं परत दिसू लागली. बाईंनी विचारलं, डोळे का सुजलेत?

आता कळलं. खूण केली पण वाचलं नाही, ते पुस्तक माझ्यावर घडतं. वाचलं की सुटका. खुणा खोडून पाहिल्या, पुन्हा उमटतात.

गुरुवार, ५
शहाणपणा केला. चौथं एका बैठकीत वाचून टाकलं आणि काहीही घडलं नाही. पाचव्यासाठी कपाट उघडलं, तर जागा रिकामी. नोंदवही पाहिली. सोमवारी मीच दिलंय, खालच्या औषधवाल्या काकांना. दुकान बंद झालेलं, सकाळी उठल्याउठल्या मागून आणते.

शुक्रवार, ६
खोली लहान झालीय. पलंग सरकून दारावर घट्ट बसलाय, हलत नाही. फोन त्याच्याखाली गेलाय, हात पोचत नाही. खिडकीतून काकांना हाक मारली, पुस्तक मागितलं. निम्मंच झालंय म्हणाले, चवीनं वाचतायत. नायकाची खोली रोज आकसते, काय लिहिलंय ताई! शेवट काय होतो तेवढं सांगा म्हणून विनवलं. पान उलटून बघा म्हटलं. काका हसले. शेवट आधी बघणाऱ्यातले ते नव्हेत, आणि कळला तरी सांगून माझी मजा घालवणार नाहीत. माझी खोली खरंच आकसतेय म्हटलं, तर म्हणाले, न वाचताच रंगलात की!

शनिवार, ७
छत डोक्याला — बसूनच लिहितेय, गुडघे पोटाशी. फोन पलंगाखाली चिरडला. लेकीला कळवायचं होतं, येऊ नकोस. खिडकी वीतभर. काका पुस्तक काखेत मारून गावाला निघाले, वर बघून हात हलवला. त्यांना वाटलं मीही निरोपाचाच हात हलवतेय —

रविवार, ८
आली. दारापलीकडे आहे. मी ओरडतेय, तिला ऐकू जात नाही बहुतेक — कोपर हलत नाही —

ती बोलतेय. वाट बघून कंटाळली म्हणते. तक्त्यावर आईच्या खाली स्वतःचं नाव घातलंय — पाचही खुणा केल्या, एकही न वाचता, हसतेय — पळ, बाळा, पुस्तकं घे आणि वाच, आधी वाच, चार तरी कपाटात —