मॉनिटरखालची फाइल आणि बोंबलांचा वाटा

ती. प्रल्हादमामा,

सुमेधचा वाकून नमस्कार (या वेळी खरंच वाकून, खुर्चीवरून उठलो होतो). चांदीपला भात कसा आहे, तुमचा गुडघा कसा आहे? सहा महिने तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

आमचं उत्तम चाललंय. पाचूबंदरच्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या संस्थेचं ॲप तुमच्याशिवायही होईल, असं मी भर ऑफिसात बोललो आणि तुम्ही डबा उचलून निघून गेलात. तीन महिने खपून तुम्ही दोनशे बारा पानांचा आराखडा केला होता आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक ओळ कोड लिहू देत नव्हता. मी म्हटलं, जमाना बदलला मामा, आता थोडं करायचं, दाखवायचं, बदलायचं. तुमची फाइल मॉनिटरखाली ठेवली (मान दुखायची थांबली, श्रेय तुमचं). मग दर पंधरा दिवसांनी संस्थेच्या प्रमुख क्लेमेंटीनबाईंना ॲप दाखवायचं. आम्ही तासभर बोलायचो, त्या ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बरं हाय, पन धंदा नाय व्हनार." की आम्ही रंग बदलायचो. निळा, हिरवा, कोळंबीचा... अकरा वेळा! बटणं गोल केली, चौकोनी केली, परत गोल केली. आता त्यांनी बजावलंय, येत्या शुक्रवारी जमलं नाही तर काम दुसऱ्याला. म्हणजे आमच्या ऑफिसला कुलूपच.

काल आईसाठी क्लेमेंटीनबाईंच्याच टोपलीवर बोंबील आणायला गेलो. (मॉनिटरला स्टँड आल्यावर तुमची फाइल मी बाईंना रद्दीत दिली होती. चिडू नका, पुढे वाचा.) बाईंनी गुंडाळायला पान सात घेतलं आणि वाचतच बसल्या. तिथे तुम्ही लिहिलंय: मासळी किलोवर नाही, वाट्यावर, म्हणजे ढीग मांडून विकतात, वाटा केवढा, ते सकाळी माल बघून ठरतं. आणि मामा, आमच्या ॲपमध्ये अकराही रंगांत किलोच! "कोनी लिवलंय हे? त्याला घेऊन ये," एवढंच म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली की बोंबील घ्यायचेच विसरलो.

तुमचा (उद्धट) भाचा,
सुमेध

ता.क. शुक्रवारी दहा वाजता याल का? खरं तर एवढंच लिहायचं होतं. चुकलो मामा.

ता.क. २: दुसरी प्रत असेल तर आणा. पान आठ ते चाळीस पापलेटांबरोबर गेली.

ता.क. ३: पान सातवर तुमच्या पेन्सिलीने सहा वेळा खाडाखोड आहे, प्रत्येकीपुढे तारीख, बरोबर पंधरा-पंधरा दिवसांची. म्हणजे तुम्हीही दर पंधरवड्याला बाजारातल्या बायकांना विचारून बदलत होतात? आणि वर मला नावं ठेवत होतात? आईला अजून सांगितलेलं नाही. शुक्रवारी आलात तर सांगणारही नाही.