बाहेरची कडी

घाटनांदूर
माघ वद्य तृतीया, फसली १३३४

उमावन्संना केशरचा शरणार्थ.

आमी समदे बरे हाव. तुमच्या भावाला खोकला हाय, तरी दुकानात बसतेत. तूर घरात आली. म्हैस व्याली, रेडी झाली. सहा वर्षांत आपलं पत्र न्हाई, म्हणून चार वळी रीतीच्या लिहिल्या. आता कामाचं. माझं अक्षर वाकडं हाय, मठात शिकले तेवढंच. लागलं न्हाई तर कुणाकडून वाचून घ्या. न्हाई, नका घेऊ. तुमचं तुमीच वाचा.

तुमचे दीर मन्मथप्पा काल आलते. पाणी प्याले, पागोटं काढलं, परत घातलं. मंग म्हणले, "सरूला नववा लागलाय. प्वार पोटात आडवं हाय. वयनी म्हणल्या, केशरबाईला घेऊनच या."

मी म्हणलं, "कावून? तुमची वयनी सरकारी दवाखान्यातली दाई हाय की. पांढरं लुगडं हाय, लोखंडी खाट हाय, डागदर हाय. स्वतःच्या लेकीला गावठी सुईण कशाला?"

ते खाली बघत म्हणले, "तिथं नको म्हणल्या."

नको म्हणल्या! उमावन्सं, मी लई हसले. चुलीवरची भाकर करपली तरी हसले.

माझ्या गंगासागरला मात्र तुमीच बोलावलंत. निरोप धाडलात, "इथं समदं नव्या तऱ्हेचं हाय, भाचीला मी बघते." आमच्यात आईनं लेकीच्या बाळंतपणाला हात लावायचा न्हाई. साठ-सत्तर बाया सोडवल्या मी, पोटच्या पोरीला हात आखडला. सख्खी आत्या हाय म्हणून गाडीत घालून तुमच्या दवाखान्यात आणलती.

तुमाला आठवत नसंल तर मी सांगते. दुपारची येळ होती. गंगूला उकिडवं बसायचं होतं, दोरी धरायची होती. तुमी तिला खाटेवर उताणी निजवली. वरडली तशी मांडीवर चापट मारली. "गप. दवाखाना हाय ह्यो." मला ओट्यावर काढलं. तेवढ्यात तहसीलदाराच्या बंगल्यावरनं चपराशी आला, बाईसाहेबांच्या पोटात दुखतंय म्हणून. तुमी दाराला बाहेरनं कडी घातली. "वयनी, आत जायचं न्हाई. कायदा हाय. माझी नोकरी जाईल." आन् गेलात.

बाईसाहेबांना अजीर्ण झालतं. ते मला मागनं कळलं.

गंगू आधी "आत्या" म्हणून हाका मारत होती. मंग "आई". मंग नुसतं "पाणी". मंग काहीच न्हाई. ओट्यावरचं ऊन भिंतीवर चढलं तवा तुमी आलात. खाटेखाली रगत. प्वार अर्धं बाहेर, निळं पडलेलं.

तुमी डागदराला सांगितलंत, घरच्यांनी आणायला उशीर केला. मी तिथंच उभी होते. कागदावर तेच चढलं.

तवापासून मी गावभर सांगते, उमीनं माझी पोर कोंडून मारली. पण एक गोष्ट कुणाला सांगितली न्हाई. तुमच्या भावाला बी न्हाई.

कडीला कुलूप नव्हतं. माझ्यापासनं हातभर लांब होती. मी उठलते. कडीला हात बी लावलता. आन् परत बसले. नणंदेचा शब्द मोडायचा न्हाई, हे सासूनं पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. आतल्या आवाजावरनं मला समदं कळत होतं, दाईपेक्षा जास्त कळत होतं, तरी मी पदर सावरून बसले.

तेवढं माझं. बाकीचं तुझं. आता वन्सं न्हाई आन् तुमी बी न्हाई.

मी येते. आइतवारी मन्मथप्पांना गाडी घेऊन धाड. आडवं प्वार मी फिरवीन, ह्या हातांनी बारा फिरवलेत. मला खण-नारळ नको. पाचवीला मी थांबणार न्हाई. तुझ्या घरचं पाणी बी पिणार न्हाई, घागर संगं आणीन.

पण कायदा माझा. आत मी आन् सरू, तिसरं कुणी न्हाई. तू दाराबाहेर बसायचं. कडी बाहेरनं घालायची, आन् ती तुझ्याच हातानं घालायची. कुलूप लावायचं न्हाई.

सरू वरडंल. आडवं प्वार फिरवताना बाई कशी वरडती, तुला ठाव हाय. ती आई म्हणंल. मी तिचं तोंड दाबणार न्हाई, चापट मारणार न्हाई. आन् तू बाहेरनं कितीबी इचारलंस, तरी बरं चाललंय का वाईट, ते मी सांगणार न्हाई. कडी तुझ्यापासनं हातभर लांब असंल. दार उघडलंस, की माझा हात त्या घडीला थांबंल. आत काय चाललंय हे तुला बी आवाजावरनं कळंल. तू दाई हायेस. बस तशीच.

सरूला म्हणावं, मामी येती हाय, भिऊ नको.

तू मात्र भी.

अजून त्याच ओट्यावर बसलेली,
केशर